जर्मन नटाचा परिचय

अजून आठवलं की डोकं फिरतं माझं. इथे जपानात, ओजिमाला, आमच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन विनोदी नट राहतो. तिकडे नाटक-सिनेमात नाव कमावलेला माणूस, बायको जपानी म्हणून इथे आला. मी त्याच्या मागे लागून लागून इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला त्याला तयार केलं. हॉल पाचला सोडायचा होता, आणि इथे एक मिनिटही वाढवून मिळत नाही.

साडेचारला आमचे अध्यक्ष वसंतकाका परिचय करून द्यायला उठले. पहिलं नाटक, पहिला सिनेमा, पडलेले सिनेमेसुद्धा वाचत सुटले. मी चिठ्ठी पाठवली, ती त्यांनी न वाचता खिशात घातली. मग शाल, नारळ, फोटो. पाच वाजले. हॉलवाल्या बाई दिवे बंद करायला लागल्या.

नट नारळ हातात घेऊन माइकपाशी आला आणि इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडे नटाबद्दल एवढं तो मेल्यावर बोलतात."

सगळ्यांत जोरात काकाच हसले. मला म्हणाले, "काय मजेशीर माणूस आहे गं. पुढच्या वर्षीही बोलावू."

मी म्हटलं, "बोलावू ना काका. फक्त तेव्हा भाषण मी करते, तुमच्यावर."