नंबर गेला, संत्र्याचे पैसे राहिले

माणसाची खरी ओळख त्याच्या कर्तृत्वातून होते. परतवाड्याच्या सिमकार्डाच्या दुकानात मात्र ती आधार कार्डावरून होते, म्हणून आम्ही सारे रांगेत उभे होतो. माझ्यापुढे जमुनाबाई आणि त्यांची शेजारीण नईमाबी.

"काहून आल्या, जमुनाबाई?"

"आमच्या बुढ्याचा नंबर चोरानं पळवला."

"या अल्ला! फोन चोरला?"

"फोन खिशातच आहे. 'तुमचं सिम बंद होऊन राहिलं' म्हणून कोणाचा तरी फोन आला, अन् यानं मेसेजमधला ओटीपी वाचून देल्ला. झालं, याचा नंबर तिकडं चोराच्या फोनात सुरू!"

"म्हंजे बँकेचे मेसेज बी त्यालेच?"

"त्यालेच. अन् संत्र्याचा सारा पैसा खात्यात!"

"मंग तुमाले कसं समजलं?"

"संत्र्याच्या बगीच्यातल्या मोटरीत बी सिम आहे, आमी घरून त्याच्यावर फोन लावूनच ते बंद करतो. बुढा लावून राहिला, तं लागेच ना. म्हणे, टावर गेला. मी म्हटलं, माहं सिम त्याच कंपनीचं, मंग मले कसा टावर आहे?"

"वा!"

"लगेच माह्या फोनवरून बँकेले सांगून खातं थांबवलं, मंग कंपनीले सांगून नंबर. चोर बसला हात चोळत!"

"शाब्बास! एक पैसा नाही गेला?"

"जाईन कसा? आता तं आमाले बी निघत नाही. बँकेत जाऊन खातं पुन्हा सुरू करा लागते."

"मंग इथून सीधे तिकडंच जा."

त्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार होता.