काचेपाशी बसणारा वाघ

प्राणिसंग्रहालयाबाहेर बसच्या रांगेत मावशी मोबाइलवरचा आजचा फोटो मुलीला पाठवत होत्या. काचेपलीकडून वाघानं पंजा पुढे केला होता, अलीकडून मावशींनी हात. खाली त्यांनी लिहिलं, ‘बघ, टाळी द्यायला आला मला!’

त्यांच्या पुढे त्याच वाघाच्या पिंजऱ्यावर काम करणारे दोघं उभे होते, एक मुरलेला, एक नवा.

“दादा, फरशीखालचा हीटर काचेपाशीच का बसवलाय? मागे झाडाखाली का नाही?”

“तो मागे जाऊन बसला, तर लोक काय झाड बघायला येतात?”

“म्हणजे थंडीत ऊब दाखवून बोलवायचं.”

“मारून तर नाही ना बोलवत? पोटभर खातो, डॉक्टर बघून जातो. जंगलात कोण विचारतं त्याला?”

“न विचारलेलंच बरं वाटत असेल.”

“फार शहाणा झालास.”

“शहाणा कसला. आज सकाळी मी हीटर लावलाच नाही.”

“काय सांगतोस! साहेबांनी पाहिलं असतं म्हणजे?”

“म्हटलं, बघू तरी, आपल्या मनानं कुठे बसतो ते.”

“मग? गेला झाडाखाली?”

“नाही. काचेपाशीच बसला, गार फरशीवर.”

“बघ! माणसांची आवड आहे त्याला.”

“दिवसभर पंजानं फरशी खरवडत होता, दादा. जिथून ऊब यायची, बरोबर तिथंच.”

 बस आली, रांग पुढे सरकली. मावशींनी बोटांनी फोटो मोठा केला, फरशीवर टेकलेला पंजा नीट पाहिला आणि खाली लिहिलेली ओळ पुसून टाकली.