कंप्युटरनं काढलेला अंगठा

अरुंधती : डोळे उघडा मामा! आवळा मूठ!

देवाजी : थांब वं पोरी. मागच्या खेपेले आवळली त चिमट्याचा तुकडा उडून तुह्या मामीच्या वरणात पडला होता.

रुख्मिणी : दात पडला असता एखाद्याचा!

अरुंधती : चूक माहीच होती, मामी. कॉलेजच्या कंप्युटरले मी सांगतलं, चिमटा हलका कर, अन् सहज वाकला पाह्यजे. तुटू नोको, हे सांगाचं राहूनच गेलं! त्यानं पोलादाची पट्टी केसावानी बारीक करून टाकली.

देवाजी : अन् दुसरा?

अरुंधती : दुसऱ्या खेपेले म्हटलं, काही झालं तरी तुटू नोको. त्यानं असा जाड काढला का आमच्या वर्कशॉपातला केशवभाऊ, कुस्ती खेळते तो, त्यालेही दाबता नाई आला!

देवाजी : लय सरळ आहे वं तुहा कंप्युटर. सांगतलं तेवढंच करते.

रुख्मिणी : तुमच्याहून बरा. तुमी तेवढंही करत नाई.

अरुंधती : म्हणून या खेपेले दोन्ही सांगतलं. वाकजो, पण तुटू नोको. मंग तो पट्टीचा एकेक तुकडा तपासते. इथं जोर येते का? नाई येत? काढ इथलं पोलाद. येते? राहू दे. पुन्हा तपासते, पुन्हा काढते. शेवटी हे निघालं.

रुख्मिणी : हे? हे त उंदरानं कुरतडलेली पोळी दिसून राहिली!

देवाजी : अन् याचे स्क्रू कुठी आहेत?

अरुंधती : नाईच! एकाच पट्टीतून कापला. जोड नाई, खिळा नाई, पट्टीच वाकते. हा पट्टा तळहाताले बांधला. आता चार बोटांनी आवळा, चिमट्याचे समोरचे दोन दात जुळतीन. अंगठ्याचं कामच नाई.

रुख्मिणी : थांबा! वरणावर झाकण ठेवू द्या मले!

देवाजी : आवळतो हं... जुळले! अवं, जुळले वं!

अरुंधती : उचला काही! तो शेंगदाणा!

देवाजी : उचलला! हा पाहा तुरीचा दाणा, हाही उचलला! अन् हे...

रुख्मिणी : अवो, नाक सोडा माहं! पोरगी पाहून राहिली!

अरुंधती : मी कुठी पाहून राहिली मामी, मी त नाचून राहिली!

रुख्मिणी : हळू वं! पुरा नंदनवन मोहल्ला गोळा होईन.

देवाजी : होऊ दे! चला हातमागावर. अवं, तोड एक धागा.

रुख्मिणी : चांगला धागा तोडू?

देवाजी : तोड म्हणतो ना! पारशिवनीले गाडीच्या चाकात अंगठा गेला तवापासून धागा जोडाले तुले हाका मारून राहिलो. आज तोडाले सांगतो.

रुख्मिणी : घ्या, तोडला.

अरुंधती : सावकाश, मामा. निसटला... पुन्हा धरा.

देवाजी : धरला. हा वळवला... हा ओढला... गाठ! अरू, गाठ बसली!

अरुंधती : बसली! ओढून पाहा मामी, सुटत नाई! मामी? काहून रडून राहिली?

रुख्मिणी : रडत नाई वं, हसून राहिली. रोज इथं बसून यांचे धागे जोडले मी. आता माहं काय काम इथं? सैपाकाचं पाहतो.

देवाजी : कुठी चालली? बस ना. मी मागावर बोलू कोनाशी?