केक आत आहे

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या सगळ्यांच्या नाड्या गेली कित्येक वर्षं ओळखून असलेले डॉक्टरसाहेब, आजचे प्रमुख पाहुणे आणि आपल्या मोटारींचे सर्वांत जुने गिऱ्हाईक पंपवाले शेठ, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आज निवृत्त होणाऱ्या तपासणी विभागाच्या प्रमुख, ज्यांना आपण सगळे नुसतं 'बाई' म्हणतो त्या बाई, वाइंडिंग, जुळणी आणि पॅकिंगमधले माझे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि या पडद्यामागच्या स्वयंपाकघरात आत्ता राबत असलेले हात, सगळ्यांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक विनंती. आज माझ्या भाषणाला टाळ्या नकोत. हसायचं झालं तर गालातल्या गालात हसा. खुर्च्या सरकवू नका, उचलून ठेवा. दाराजवळच्यांनी दार हलक्या हाताने लावावं. तुम्ही म्हणाल, मालकांना आज झालंय काय? एरवी टाळ्या कमी पडल्या तर हा माणूस मान वर करून बघतो. कारण आहे, आणि ते सांगणार आहे, पण लगेच नाही. नमनाला घडाभर तेल घालायला माझा एरवी विरोध असतो. आज मात्र मला तसा हुकूमच आहे. आत घंटी वाजेपर्यंत बोलत राहायचं. हुकूम कुणाचा, तेही कळेल.

मी काही शिकलेला वक्ता नव्हे. पंपांच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायला बसलो तेव्हा माझ्यापाशी एक खोली, एक बाक आणि दोन कान होते. खोलीचा कारखाना झाला, बाक मोडला, कान तेवढे शाबूत आहेत. फिरती मोटार ऐकली की तिचं बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते मला कळतं. माणसांचंही थोडंफार कळतं. आत्ता तिसऱ्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "जेवण कधी आहे?" ऐकलं मी. जेवण आहे, पण आधी थोडं थांबावं लागेल.

बाई आल्या त्या कारखाना अजून एका खोलीचा होता तेव्हा. त्यांच्या टेबलावर पास न झालेली मोटार माझ्या हुकमानेसुद्धा दाराबाहेर पडली नाही. एकदा हे शेठ घाईत होते. म्हणाले, "अहो बाई, चालतेय की मोटार!" बाई म्हणाल्या, "चालतेय, पण कण्हतेय. कण्हणाऱ्याला तुम्ही कामाला जुंपता का?" शेठ मान हलवतायत, म्हणजे आठवतंय त्यांना.

पण खरं बोलूया. आपल्यापैकी कितीजण बाईंना मोटारींमुळे ओळखतात? इथे कुणी नवीन कामाला लागलं, की बाई दोन गोष्टी विचारायच्या. वाढदिवस कधी, आणि काय खाल्लेलं चालत नाही. बस्स. मग त्या दिवशी सकाळी बाईंच्या हातात तो निळा डबा. विकतचा केक त्यांनी कधी आणला नाही. घरच्या जुन्या ओव्हनमध्ये केलेला, वर नक्षी ना नाव. आपल्या पहारेकऱ्याचे दात गेले तेव्हा त्याच्या केकमधले अक्रोड गेले. पॅकिंगमधल्या आपल्या एक ताई पहिल्या वर्षी फणकाऱ्याने म्हणाल्या होत्या, "मला केक आवडत नाही." बाईंनी विचारलं, "आवडत नाही, की कधी कुणी केला नाही?" ताई पाठ फिरवून खोकी बांधायला लागल्या. दुपारी डब्यात चुरासुद्धा उरला नव्हता. ताई, मान वर करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तर या केकचा बाईंच्या घरी एक नियम होता. केक ओव्हनमध्ये असेपर्यंत घरात भांडायचं नाही. आवाज चढवायचा नाही, दार आपटायचं नाही, उठून जायचं नाही. बाई म्हणायच्या, "पीठ फुगत असतं तेव्हा ते जीव मुठीत धरून असतं. धक्का बसला की खाली बसतं." डॉक्टरसाहेब म्हणतील, याला शास्त्राचा आधार काय? नसेलही. पण एकदा सवय लागली की तिला आधार लागत नाही. बाईंचे यजमान होते तेव्हा ते मला सांगायचे, "अहो, मी काही बोलायला तोंड उघडलं, की ही अंडी फेटायला घेते!" आणि त्यांची मुलगी, आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी दिसली तर आजारी आहे असं समजायचं, ती तर आईच्या वरताण. परीक्षेत गटांगळी खाल्ली की घरी येऊन आधी लाडात यायची, "आई, आज केक कर ना गं." केक आत गेला की हळूच प्रगतिपुस्तक पुढे. बाहेर येईपर्यंत आईचा राग निवलेला, आणि घरभर तो वास. अशा वासात कोण कुणाला मारणार?

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. वाचून दाखवतो. "आटोपते घ्या." साहेब, तुमच्या दवाखान्यात आम्ही तासन्‌तास बसलो आहोत. आज थोडं तुम्ही बसा.

आणि आता मात्र... बाईंनी मान वळवली. पडद्याकडे बघतायत. मंडळी, वास माझ्या भाषणाच्या पुढे गेला. मला हे आणखी थोडं लपवायचं होतं, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं माझं वय राहिलं नाही. बाई, होय. आत केक आहे. आज तुमचा वाढदिवस आहे, आणि तो तुम्ही आजवर कुणाला सांगितला नव्हता. तो सांगणारं माणूस जगात एकच आहे, आणि तेच आत ओव्हनसमोर उभं आहे.

भिंगरी आली आहे, बाई.

बसा. बाई, बसा. पर्स खाली ठेवा. मला माहीत आहे, तुमच्या उजव्या हाताला रस्त्याकडचं दार आहे आणि डाव्या हाताला स्वयंपाकघराचं. तुम्ही कुठल्या दाराने जाल ते मला माहीत नाही, तिला माहीत नाही, आणि ती भीतीने गार पडली आहे. पण नियम तुमचा आहे. केक आत आहे.

बसल्या. पर्स मांडीवरच आहे, पण बसल्या.

वाइंडिंगवाले, कुजबुज नको. सांगतो सगळं. बाईंच्या घरची गोष्ट मी चव्हाट्यावर का मांडतोय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बाई, तुमच्याही आला आहे, ते तुमच्या भुवयांवरून दिसतंय. याचं उत्तर असं, की दोन माणसं एकमेकींशी बोलायची बंद झाली आणि दोघीही माझ्याशी बोलत राहिल्या. दोन्ही बाजू ऐकलेला माणूस मी एकटाच. ते ओझं आज मी इथे उतरवणार, मग तुम्ही मला हवं ते बोला.

काही वर्षांपूर्वी माझी पन्नाशी झाली. तुम्हाला तो केक आठवत असेल. तसा केक आजवर झाला नाही, असं तुम्हीच म्हणालात. तो ओव्हनमध्ये होता तेव्हा भिंगरी घरी आली. दुसऱ्या गावी नोकरीला होती, न कळवता आली. दारातच म्हणाली, "आई, मी लग्न ठरवलंय."

बाईंनी ओठावर बोट ठेवलं.

"आई, तुला न विचारता ठरवलंय. ऐकून तरी घे."

"केक आत आहे. बाहेर आला की बोलू."

बाईंना वाटलं, नेहमीसारखंच. राग निवेल, मग बोलू. आणि पोरीला काय वाटलं? तिला वाटलं, मालकांच्या केकपुढे माझं लग्नसुद्धा थांबायचं. ती थोडा वेळ उभी राहिली. आई ओव्हनच्या काचेकडे बघत बसलेली. मग तिने पिशवी उचलली आणि निघाली. आणि जाताना तिने काय केलं, सांगू? दार हळू लावलं. इतक्या रागात, डोळे भरलेले असताना, कडी हाताने धरून, आवाज न होऊ देता. कारण केक आत होता.

बाईंना वाटलं, पोर गच्चीत गेली असेल. केक उत्तम फुगला. तो बाहेर काढला आणि हाक मारली, तर घरात कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी सगळ्या कारखान्यात केक झाले. एकट्या मालकाच्या वाढदिवसाला निळा डबा आला नाही. तुम्ही लोक काय म्हणत होता तेही मी ऐकलंय. "पगारवाढ दिली नाही ना, भोग आता!" दोन वर्षं मी गप्प बसलो. तिसऱ्या वर्षी बाईंच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, "बाई, माझं काही चुकलं का?" मोटार चालू होती. बाईंनी ती बंदही केली नाही. तिच्या आवाजाआड म्हणाल्या, "तुमचं काही नाही हो. त्या तारखेला मला ओव्हन लावता येत नाही." आणि मग हे सगळं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "दार हळू लावून गेली. म्हणजे थंड डोक्याने गेली, ठरवून गेली. तिने आपटलं असतं ना, मालक, तर केक बसला असता, पण मी उठले असते."

त्यानंतर भिंगरीला मी फोन केला. ती म्हणाली, "काका, मी जिन्यात थांबले होते. आई उठली नाही." हळू लावलेल्या दाराचा आवाज येत नाही, बाई, ही एवढीच गोष्ट होती. तुमच्या लेकीने तुमचा नियम पाळला, आणि तुम्ही तुमचा पाळलात. दोघी इतक्या नेकीने वागलात, की त्यात एवढी वर्षं गेली. मी दोघींना परोपरीने सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "तिने यावं." ती म्हणायची, "तिने बोलवावं." मायलेकी आहेत हे कुणाला सांगायची गरज आहे का?

गेल्या महिन्यात मी तिच्या दारात जाऊन बसलो. म्हटलं, आई कामावरून मोकळी होतेय, आता दिवसभर त्या घरात एकटी त्या ओव्हनसमोर बसेल. ती माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "काका, माझ्या लग्नात केक नव्हता. विकतचा आणायला हात धजेना." आणि मग म्हणाली, "मी आले, आणि आई काही न बोलता उठून गेली तर?" मी म्हटलं, "जाणार नाही. जाऊच शकणार नाही. तू केक आत ठेव, बाकी मी बघतो." म्हणून ही व्यवस्था, आणि घंटीपर्यंत बोलत राहायचा हुकूम तिचाच. सकाळपासून ती आत आहे. पहिला घाणा करपला, हा दुसरा. भाषणाला उभं राहण्याआधी मी आत जाऊन आलो, जरा काय चाललंय ते बघून आलो.

बाई माझ्याकडे बघत नाहीत. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळतायत, सोडतायत, पुन्हा गुंडाळतायत. मोटार असती तर मी सांगितलं असतं काय बिघडलंय. इथे माझे कान चालत नाहीत. खरं सांगू का मंडळी, या जागी उभं राहून मी अनेकांना निरोप दिले, पण आजच्याइतकी घंटीची वाट कधी बघितली नाही. उद्यापासून बाई कारखान्यात नसतील. आज हे जमलं नाही, तर मी कुठल्या निमित्ताने...

वाजली. घंटी वाजली.

कुणी हलू नका. ऐकतोय मी, ओव्हनचं दार उघडलं, पात्र जाळीवर ठेवलं. बाई, केक बाहेर आला. आता तुमच्यावर कसलंच बंधन नाही. बोलायला, भांडायला, उठून जायला तुम्ही मोकळ्या आहात. दोन्ही दारं उघडी आहेत.

उठल्या.

बाई, सावकाश, तिथे वायर आहे. मंडळी, वाट द्या. पर्स... पर्स खुर्चीवरच राहिली आहे. शेठ, पाय आत घ्या, त्यांना डावीकडे जायचंय.

अरे बापरे! बसा, बसा, घाबरू नका. डॉक्टरसाहेब, काही पडलं नाही. बाईंनी स्वयंपाकघराचं दार आपटलं. काय आपटलंय! भिंतीवरचं घड्याळ हललं. असा आवाज ऐकायला मी काही वर्षं थांबलो होतो.

आता शांत राहा. नाही, मी काय ऐकतोय ते सांगणार नाही, काही गोष्टी कानातच राहाव्यात. एवढंच सांगतो, भांडतायत. दोघी एकदम बोलतायत, कुणीच ऐकत नाही. वर्षानुवर्षं थकलेलं भांडण आहे, वेळ लागेल. तिसरी रांग, तुमच्या जेवणाचं आणखी थोडं लांबलं.

थांबा. गप्प झाल्या.

नाही, नाही, ठीक आहे. एक सांगतो, कारण ते माझ्याविषयी आहे. बाई विचारतायत, "मधे खळगा कसा पडला गं? दार कुणी उघडलं होतं मधेच?" आणि ती रडत रडत म्हणतेय, "मी नाही, आई. काकांनी!"

मंडळी, माझं बोलणं संपलं. डॉक्टरसाहेबांनी घड्याळाकडे बघत का होईना धीर धरला, पंपवाले शेठ वेळात वेळ काढून आले, सभागृहवाल्यांनी ओव्हन वापरू दिला आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या पोटात ठेवल्या, त्याबद्दल मी सर्वांचा मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाच्या घरची गोष्ट नको तिथे बोललो असेन, किंवा कुणाच्या केकचं दार नको तेव्हा उघडून पाहिलं असेल, तर ते एका उतावळ्या म्हाताऱ्याचं समजून पोटात घाला. केक मधे बसलाय, पण मिळेल सगळ्यांना.

आणि आता वाजवा टाळ्या. जोरात वाजवा. केक बाहेर आला आहे.