बंद लाइनीवर आम्ही दोघंच

...नाही नाही, सायकलबद्दल माझी तक्रार नाही हो, तक्रार आहे ती माणसांबद्दल! तुम्हाला सांगतो, अडुसष्ट साली सुरतेत, कतारगामच्या एका खोलीत आम्ही मामा-मामींसकट नऊ जण, त्यात माझं नवं लग्न! बायको सुंदरा खानदेशातून आलेली, आणि तिचा आवाज मला माहीत तो फक्त "भाकर वाढू का?" एवढाच! तशात तिचा भाऊ येणार माहेरी न्यायला. गेली आणि परत आलीच नाही तर? तुला इथं करमतं का, एवढं एकच विचारायचं होतं. पण कुठं विचारू? मामांच्या घोरण्यात? मामींच्या कानाशी?

तर कारखान्यातला सुकलाल म्हणाला, "राघो, कामरेजकडे ती बंद पडलेली मालगाडीची लाइन आहे ना, रूळ कधीच उपटून नेले, खडी लोकांनी घराच्या पायात घातली, आता नुसता सपाट बांध! दोन्ही बाजूंना बाभळी, चिटपाखरू नाही. वहिनीला सायकलवर बसव आणि जा!" म्हटलं, ठरलं. आम्ही दोघंच!

सुट्टीच्या सकाळी भाड्याची सायकल दारात लावतोय... तर मामी! "कोठे चालनास रे? माले बी ली चाल!" आता नाही कसं म्हणणार, खोली त्यांची! मामी निघाल्या म्हणून मामा, मामा निघाले म्हणून शेजारच्या कलाबाई दशम्या बांधून... आणि लाइनीवर पोचतो तर समोर सुकलाल, अर्धा कारखाना घेऊन! "रस्ता चुकशील म्हणून आलो." अरे, आगगाडीची लाइन ती, सरळ! चुकेन कसा? आम्ही दोघंच म्हणे, आणि मागे सायकलींचं वऱ्हाड!

बरं, मजा नव्हती असं नाही हं! एक मोडका सिग्नल उभा होता, तर मामा त्याच्याखाली ब्रेक लावून थांबले. "सिग्नलचा हात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही!" मग शिट्ट्या काय, झुकझुक काय, उसातल्या बाया कोयते टाकून बघायला आल्या! मी सगळ्यांत पुढे, सुंदरा माझ्या कॅरिअरवर. हळूच मागे वळून म्हणतो, "सुंदरा, तुला इथं..." की मामा, "कूऽऽ!" पुन्हा, "तुला इथं कर..." की कलाबाई, "दशमी घ्या ना!"

शेवटी ओढ्याच्या पुलावर सगळे खायला बसले, तर सुंदरा उठली. "अहो, माले शिकाडा ना." काय? "सायकल!" तुम्हाला सांगतो, नऊवारीचा काष्टा कशासाठी असतो ते मला त्या दिवशी कळलं! दांडीवरून टाकला पाय, मी मागून धरून पळतोय, ना चढ ना वळण ना गाडी... म्हटलं, आता खरे आम्ही दोघंच, विचारून टाकावं! तोंड उघडतो तर हातात काहीच नाही. ती गेली की पुढे! मामी टाळ्या पिटतायत, मी धापा टाकतोय, आणि लाजबीज सोडून सगळ्यांसमोर ओरडलो, "सुंदराऽ! करमतं का गं तुला इथं?"

तिनं मागे बघितलंसुद्धा नाही. "करमस! भाऊले सांगा, मी नही येस! आधी ही लाइन कोठे जास ते देखू द्या!"

काय आनंद झाला म्हणून सांगू! तिथंच मातीत बसलो आणि वेड्यासारखा हसत राहिलो.

भाऊ आला, पाहुणचार घेऊन एकटाच गेला. बायको राहिली हो, चांगली राहिली! पण तेव्हापासून दर सुट्टीला ती पुढे एकटी, पार ठिपका होईस्तोवर... आणि मी मागे, माझ्या कॅरिअरवर मामी, पाठीत बोट खुपसून म्हणतायत, "पायडल जोरमा मार ना रे, पोर पुढे निंघी गई!"