वासितीच्या नावाचा खडक

(बेटावरचं कोळ्यांचं गाव. घराच्या पायरीवर लॅपटॉप उघडा. पडद्यावर पाण्याखालचा खडक, त्याच्याभोवती मासे.)

इलियेसा : परत मोज. हा हेकरू मासा माझ्या हाताएवढा आहे. कोपरापासून बोटांपर्यंत.

अकेनेता : तीनदा मोजला, मामा. एक वीत आणि एक बोट.

इलियेसा : तुझं मशीन सुव्हाचं. शहरात सगळंच तोकडं असतं, माणसांसकट.

तोमासी : दाजी, मशीनवर कशाला चिडता? म्हाताऱ्याची नजर आणि कोळ्याची जीभ, दोन्ही मासा वाढवतात. तुमच्याकडे तर दोन्ही आहेत.

इलियेसा : तू गप रे. तुझी बहीण होती म्हणून तुझं ऐकून घेत आलो.

तोमासी : आता ती नाही म्हणून मला हाकलता काय? शनिवारी शंभर रात्री भरतात, आमच्या गावची सगळी माणसं इकडं यायला निघतायत. बायकांच्या चटया विणून झाल्या, दालोचे कंद खणून झाले. वासितीचं सुतक सोडायचं, तिच्या नावानं बंद ठेवलेला खडक उघडायचा, पहिलं जाळं टाकायचं. मासा किती निघेल, एवढंच विचारायला आलोय.

इलियेसा : भरपूर. मी बुडी मारून बघतोय ना. ती गेली तेव्हाच्या जाळ्यात वीतभर होते. आता हातभर झालेत.

अकेनेता : मामा, तू काच लावून बघतोस. पाण्यात काचेतून सगळं मोठं दिसतं.

इलियेसा : हे मला शिकवतेस? जन्म पाण्यात गेला माझा.

अकेनेता : तेव्हा तुझ्या हातात भाला असायचा. मासा वर आला की डोळ्याची चूक तिथल्या तिथं कळायची. सुतकात भाला बंद. या वेळी तू नुसता बघत राहिलास.

इलियेसा : आणि तुझे कॅमेरे काय झाडावर टांगले होते? तेही पाण्यातच होते ना?

अकेनेता : दोन आहेत, काठीच्या दोन टोकांना. एकच मासा दोघांनी बघायचा. दोन चित्रांत तो जरा वेगळ्या जागी येतो, त्यावरून किती अंतरावर आहे ते कळतं. अंतर कळलं की लांबी कळते. आधी पाण्यात मापाची पट्टी धरून तपासलंय. पट्टी बरोबर आली, मामा.

तोमासी : एखादा तरी मोठा असेल की, पोरी.

अकेनेता : नाही. अंडी घालायच्या वयाचा एकही नाही. मोठे आधीच संपले होते. शंभर रात्रींत हेकरू वाढून किती वाढणार? एखादं पेर.

इलियेसा : म्हणजे काहीच झालं नाही.

अकेनेता : मामा...

इलियेसा : ती गेली, खडक मिटला. मला वाटलं, तिच्या जाण्याचं एवढं तरी काही होतंय. रोज उतरायचो. मासे जवळ यायचे, भ्यायचे नाहीत. घरी आलो की तिच्या चटईला सांगायचो, आज एवढा दिसला, आज तेवढा दिसला.

तोमासी : दाजी, रीत म्हणून उघडू. थोडेच धरू.

अकेनेता : जाळ्याला थोडं कळतं का, काका? एका सकाळीत खडक ओस पडेल. पुढं अंडी कोण घालणार?

तोमासी : आणि नाही उघडला, तर सुतक सुटत नाही. माझी बहीण अर्ध्या वाटेवर राहते. ते दिसतं का तुझ्या कॅमेऱ्यांना?

अकेनेता : नाही दिसत.

इलियेसा : उघडला तर काय करायचं? तिचं नाव घ्यायचं आणि मिसरूड न फुटलेले मासे खायचे.

अकेनेता : मामा, मी मागते. तो खडक मला दे. पाच वर्षं बंद.

तोमासी : ए बाई, हे चालायचं नाही!

अकेनेता : का? माझी आई या गावची. बहिणीच्या लेकीनं मागितलं की मामानं द्यायचं. तुमच्याही गावात हेच चालतं.

तोमासी : डुक्कर मागावं, होडी मागावी. मेलेल्या माणसाचा खडक कुणी मागतं?

अकेनेता : मी मागते. मामा, तुझ्यावर बोल नको यायला. भाची घेऊन गेली म्हणून सांग.

इलियेसा : दिला.

तोमासी : दाजी!

इलियेसा : हिला नाही कसं म्हणू? घे, पोरी. तुझा झाला.

तोमासी : आणि शनिवारी आमच्या माणसांना वाढणार काय? डब्यातला मासा?

इलियेसा : डब्यातला वाढीन. नाहीतर येऊच नका.

तोमासी : मग सुतक?

इलियेसा : राहील.

तोमासी : पाच वर्षं काळं घालून बसणार?

इलियेसा : मला कुठं जायचंय?

तोमासी : आईनं तुमच्यासाठी शर्ट शिवलाय. फुलाफुलांचा. सुतक सुटलं की तुमच्या अंगावर घालायला. सुई नीट दिसत नाही तिला, तरी कॉलर कुणाला करू दिली नाही. आता काय सांगू तिला?

इलियेसा : पेटीत ठेवा म्हणावं. अधूनमधून ऊन दाखवा. आपल्याकडं बुरशी लवकर येते.