आधी ओटी कोणाची

कामतघरच्या सोनोग्राफी सेंटरात माझ्या शेजारी शेलार गावच्या दोघी जावा बसल्या होत्या. दोघींना दिवस गेलेले, दोघी नुकत्याच तपासून बाहेर आलेल्या.

"तुला किती सांगितले, रुचिका?"

"बावीस आठवडे, ताई. तुम्हाला?"

"वीस. यांची मशीनच बरोबर न्हाय. घरात पेढे माझे आधी वाटले."

"डॉक्टर शेवटच्या पाळीपासून धरतात, ताई."

"माझे पण तिथूनच धरले ना? मग तू पुढे कशी? आता सातवा तुला आधी लागणार, म्हणजे आई ओटी पण तुझीच आधी भरणार."

"दोघींची एकाच दिवशी भरतील."

"पाटावर आधी कोण बसेल, ते मला ठाऊक हाय. तुला चिंबोऱ्यांचा रस्सा करून घालतात. मला नुसतं विचारतात, जेवलीस का."

"ताई, तुमचे पेढे वाटले तेव्हा मला माझं कळलं होतं."

"मग बोलली का न्हाय?"

"सात वर्षांनी घरात तुमचं कौतुक चाललं होतं. म्हटलं, महिनाभर चालू दे."

थोरलीने आपला रिपोर्ट घडी करून पिशवीत टाकला.

"मग आज पण गप्पच बसायचं होतंस."